चौथ्या गुंडाळीतली फांदी

१

बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात चार गुंडाळ्या होत्या आणि चारही आपापल्या जागी होत्या. म्हणूनच चौथी उलगडल्यावर आतून लाकडाची फांदी निघाली, तेव्हा क्षणभर कुणाला काही सुधरेना.

फांदी वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड, दोन्ही टोकं सफाईनं कापलेली. तिच्या जागी असायला हवा होता टोळीतल्या तेत्सुओच्या नव्या बंदुकीचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून घट्ट बसवणारा पोलादी दांडा. तो नसला की कितीही भारी बंदूक असो, तिची काठी होते.

इवाते प्रांतातल्या त्या डोंगरगावात हरणांचा हाका करणारी टोळी चौघांची. ती जमायची जुन्या घोड्यांच्या गोठ्यात. टोळीचा नियम असा, की गोठ्यात बंदुका एका बाजूला टेकवायच्या आणि बोल्ट आपापल्या फडक्यात गुंडाळून म्होरक्याच्या पुढ्यातल्या डब्यात ठेवायचे. कुणी कुठं उभं राहायचं हे ठरलं, की मगच ज्यानं त्यानं आपली गुंडाळी उचलायची. आज डबा उघडला तोही म्होरक्यानंच, चौऱ्याहत्तर वर्षांच्या योसाकुनं.

योसाकु मोजकं बोलणारा. त्यानं फांदी चुलीशेजारी ठेवली आणि गॅरेजवाल्या शिगेकीकडे पाहून तो म्हणाला, "काढ."

शिगेकीवरच नजर जाण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं योसाकुच्या काडतुसांच्या पट्ट्यात मुळ्याचे तुकडे खोचले होते. आताही तो आधी हसला. पण दुसरं कुणीच हसलं नाही.

"दादा, मुळ्याचा खेळ माझा होता. हा नाही."

तासभर शोधाशोध झाली. तांदळाचा डबा, सरपण, सगळ्यांचे बूट, मामे नावाच्या कुत्रीचं अंथरूणसुद्धा झटकून झालं. बोल्ट मिळाला नाही. शेवटी योसाकुनं निवाडा दिला. बंदुकीचा भाग हरवला तर पोलिसांना कळवावंच लागतं, तेव्हा बारा वाजता तो फोन करणार. मग चौघांच्याही बंदुका चौकशी होईपर्यंत अडकून पडतील, हाका बंद होईल, आणि हरणं गावातल्या सफरचंदाच्या झाडांची सालं सोलून खातील. त्याला इलाज नाही.

"आणि शिगेकी, बारापर्यंत बोल्ट आला नाही तर उद्यापासून तू या गोठ्यात येऊ नकोस."

 तेवढ्यात कोपऱ्यातून तेत्सुओ हळूच म्हणाला, "दादा, फोनाची घाई कशाला? सापडेल की."

चुलीवरचा रस्सा ढवळणाऱ्या तोमेबाईंचा हात थांबला. काडतूस ओलं झालं तरी लिहून कळवणारा हा माणूस. आज त्याचाच बोल्ट गेलेला, आणि फोन नको म्हणणाराही तोच.

त्यांनी ती फांदी उचलली. चुलीत घालायच्या ऐवजी एप्रनच्या खिशात टाकली.

२

तोमेबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या. गावच्या शाळेत आरोग्याच्या खोलीत त्यांची छत्तीस वर्षं गेली होती. खरचटलेले गुडघे, हलणारे दात आणि दर वसंतात सगळ्या मुलांचे डोळे. गावात वाढलेल्या, तिशी ते साठीतल्या प्रत्येकानं त्यांच्यापुढे उभं राहून, एक डोळा झाकून, तक्त्यावरची तुटकी वर्तुळं कुठल्या बाजूनं उघडी आहेत ते सांगितलेलं होतं. हल्ली हाक्याच्या दिवशी त्या गोठ्यात येऊन हरणाच्या मांसाचा, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण घातलेला रस्सा शिजवत. बंदूक कधी हातात धरली नव्हती, पण वाटणीच्या वेळी त्यांचाही वाटा पडे. मांसाचे ढीग सारखेच असत, मग कुणी गोळी घातलेली असो की कुणी चूल पेटवलेली असो.

मुलांकडून खरं काढून घ्यायची त्यांची एक रीत होती. समोरच्याच्या हाताला काम द्यायचं आणि आपण दुसरीकडे बघत राहायचं. त्यांनी शिगेकीला बाहेरच्या ओट्यावर बोलावलं आणि त्याच्या हातात सुरी आणि मुळा दिला.

"मुद्दाम मुळाच देताय ना, बाई?"

"तोच सोलायचा राहिलाय."

शिगेकी सोलत बसला. मग एकेक बाहेर येऊ लागलं. हाक्यातला शेवटचा नाका, जिथं हरणं कड्यावर येतात आणि टोळीतला उत्तम नेमबाज उभा राहतो, तो बारा वर्षं तेत्सुओकडे होता. तो आपल्याला मिळावा असं शिगेकीला वाटत होतं, आणि दारू चढल्यावर तो ते बोललाही होता. पण दुसऱ्याच्या बोल्टाला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या बायकोचं पत्र उघडण्यासारखं. ते त्याच्यानं झालं नसतं.

"तेत्सुओची चेष्टा मात्र मी केली. ती भुवईवरची खूण बघितलीत ना?"

तोमेबाईंनी बघितली होती. तेत्सुओच्या उजव्या भुवईवर चंद्रकोरीसारखी खपली होती, पंधरा दिवसांची. ती कशानं झाली हे त्यांनी विचारलं, आणि शिगेकीनं मुळाच खांद्याला लावून दाखवला. हरणासाठी एकच जड गोळी असलेलं काडतूस वापरतात. ते सुटलं की बंदूक मागं लाथ मारते, अगदी घोड्यासारखी. बंदुकीवरच्या दुर्बिणीपासून डोळा चार बोटं लांब ठेवला तर फक्त खांदा निळा होतो. पुढं सरकलात तर दुर्बिणीची कड थेट भुवईत घुसते. तेत्सुओची ही नवी बंदूक तर सगळ्यांत आडदांड. दुर्बीण जुळवायला त्यानं जानेवारीत एका दिवसात चाळीस काडतुसं उडवली होती.

"पण ती शिकाऊ पोरांची खूण असते, बाई. पंचवीस वर्षं बंदूक धरणारा माणूस तोंड पुढं कशाला नेईल?"

"कशाला नेईल?" बाईंनी तोच प्रश्न हलकेच परत ठेवला.

 शिगेकीनं सोललेला मुळा पुढं केला आणि उठता उठता म्हणाला, "आणखी एक. आज तो मिनात्सुच्या गाडीतून आला. त्याच्या ट्रकची बॅटरी उतरली म्हणे. ती बॅटरी मी नव्या वर्षाच्या आठवड्यात घातलीय. माझी बॅटरी सहा आठवड्यांत उतरत नाही."

तोमेबाईंनी मुळा हातात घेतला. आज सकाळी कुणीतरी खोटं बोललं होतं, आणि तो शिगेकी नव्हता.

३

मिनात्सु सत्तावीस वर्षांची. तीन वर्षांपूर्वी सेंदाई शहर सोडून ती ग्रामकार्यालयाच्या जंगलखात्यात आली होती. बंदूक तिच्याकडेही होती, पण टोळीत तिचं काम हाकाऱ्याचं, म्हणजे मामेला घेऊन दरीच्या तळातून ओरडत वर यायचं आणि हरणं नाक्यांकडे पिटाळायची. तोमेबाईंनी तिच्या हाती मळलेलं पीठ दिलं. हातानं चकत्या तोडून ती रस्स्यात टाकू लागली.

सकाळी साडेपाचला ती तेत्सुओच्या फाटकाशी पोचली होती. रात्री ताजं बर्फ पडलेलं. त्यावर एकाच माणसाची पावलं होती. ती घराच्या दारापासून बागेतल्या पहिल्या झाडापर्यंत गेलेली आणि तिथून फाटकाकडे वळलेली. हरणांनी साल खाल्लीय का ते बघायला गेले असतील, असं तिला वाटलं.

"गाडीत काय बोलला?"

फारसं काही नाही, मिनात्सु म्हणाली. फक्त दोनदा डोळ्यासमोरून हात फिरवला, चिलटं हाकलावीत तसा. आणि एकदा विचारलं, वीज चमकली का. आभाळात तर चांदण्या होत्या.

"फेब्रुवारीत चिलटं," तोमेबाई म्हणाल्या.

"मीही हसले. ते नाही हसले."

मग चकत्या तोडता तोडता तिचा वेग मंदावला. रविवारच्या हाक्याचं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तीन हरिणी तेत्सुओच्या नाक्यावरून वीस पावलांवरून गेल्या होत्या आणि त्यानं बार काढला नव्हता. ती कड्यावर चढून आली तेव्हा तो बंदूक खाली करून उभा होता, आणि चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांना हरिणींची दया आली असेल, असं समजून तिनं योसाकुला काही सांगितलं नाही.

तोमेबाई चुलीशी बसल्या. खिशातली फांदी काढून त्यांनी नखानं साल खरवडली. खालून ओला हिरवा रंग वर आला आणि सफरचंदाच्या लाकडाचा गोडसर वास. गोठ्यातलं सरपणही तेत्सुओच्याच बागेतलं, पण ते दोन पावसाळे वाळलेलं, खडखडीत. ही फांदी आज कापलेली होती. आणि त्या बागेच्या बर्फावर आज एकाच माणसाची पावलं होती.

म्हणजे तासभर सगळ्यांनी भलतंच शोधलं होतं. बोल्ट गोठ्यातून गेलाच नव्हता, कारण तो गोठ्यात आलाच नव्हता. तेत्सुओच्या फडक्यात घरून निघतानाच फांदी होती.

चोरीचा उलगडा झाला होता. पण तोमेबाईंना आता दुसरंच काही आठवलं. दुसरीतला एक पोरगा, जाड भिंगांचा चष्मा, उजव्या डोळ्यावर वर्षभर चिकटवलेली पट्टी. डावा आळशी डोळा जागा व्हावा म्हणून ती पट्टी त्यांनीच लावली होती. पोरगा रोज ती ओढून काढी आणि त्या रोज पुन्हा लावत. डावा डोळा शेवटपर्यंत पुरता जागा झाला नाही.

तेत्सुओला धड असा एकच डोळा होता. आणि चंद्रकोर उजव्या भुवईवर होती.

४

गोठ्यात आजारपणाचं नाव काढायचं नाही, हा टोळीचा दुसरा नियम. डोंगरात जायच्या दिवशी दुखण्याखुपण्याचं बोलणं अशुभ मानत, आणि म्होरक्यानं दिलेला नाका बदलून मागणं त्याहून वाईट दिसे. तोमेबाईंना दोन्ही माहीत होतं. म्हणून त्यांनी दारावर टांगलेला जुना घोड्याचा नाल काढला, चुलीजवळचा ओगराळा घेतला आणि तेत्सुओला मागच्या लाकडांच्या छपरीत बोलावलं. साडेदहा वाजले होते.

"बाई, सरपण मी आणतो की. तुम्ही कशाला..."

"डावा डोळा झाक." त्यांनी ओगराळा त्याच्या हातात दिला.

अठ्ठावन्न वर्षांचा तो आडव्या अंगाचा माणूस ओगराळ्याकडे बघत राहिला. मग त्यानं तो चष्म्यापुढं धरला, डाव्या बाजूला, पन्नास वर्षांपूर्वी धरायचा तसाच.

तोमेबाई दहा पावलं मागं गेल्या आणि नाल वर धरला. उघडी बाजू कुठं? उजवीकडे, तेत्सुओ म्हणाला. आता? वर. आता? खाली. तिन्ही बरोबर. 

मग त्या जवळ आल्या. म्हणाल्या, माझ्या नाकाकडे बघ, नाल दिसला की सांग. उजवीकडून नाल आणला, त्यानं लगेच सांगितलं. वरून आणला, लगेच. मग त्यांनी तो खालून, डाव्या बाजूनं, हळूहळू वर आणायला सुरुवात केली. कमरेपाशी नाही. छातीपाशी नाही. खांद्यापाशी नाही. नाल जवळजवळ त्यांच्या हनुवटीला टेकला.

"आत्ता," तेत्सुओ म्हणाला, आणि ओगराळा खाली आला.

"कधीपासून?"

मग त्यानं सगळं सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी अंधारात डोळ्याच्या कडेला चकाकी येऊ लागली. मग चिलटांसारखे काळे ठिपके आले. दुर्बिणीतलं चित्र गढूळ दिसे, म्हणून तोंड पुढं सरकत गेलं आणि कड लागली. रविवारी दुर्बिणीत खालच्या डाव्या कोपऱ्यात काळा पडदा होता. त्याच कोपऱ्यातून काहीतरी हलत वर आलं. तो वाट बघत राहिला.

"बाई, ती मिनात्सुची नारिंगी टोपी होती. बोट चापावर नव्हतं, शपथ. पण ती पडद्यातून बाहेर येईपर्यंत ती तिथं आहे हे मला माहीतच नव्हतं."

त्या दिवसानंतर त्याला झोप नव्हती आणि ट्रक चालवायची हिंमतही नव्हती, म्हणून बॅटरीचा बहाणा. डोळ्याचं बोललं तर परवाना जाणार, नाका जाणार, आणि गोठ्यात बोलायची सोय नाही. बोल्ट घरी विसरला म्हटलं असतं तर योसाकु म्हणाला असता, जा, वीस मिनिटांत घेऊन ये. म्हणून फांदी. सगळे शिगेकीची चेष्टा समजतील, हसतील, त्याच्याविना हाका करतील, एवढाच त्याचा हिशेब. बोल्ट घरी कपाटात कुलूपबंद होता.

"तो वाढतोय का, पडदा?"

"काल हनुवटीशी होता. आज..." त्यानं हाताचा तळवा नाकाच्या शेंड्याशी आडवा धरला.

तोमेबाईंनी त्याचं मनगट धरलं. मुलांना सांगत तशाच सावकाश आवाजात त्यांनी सांगितलं. डोळ्याच्या आतल्या भिंतीला पातळ कागद लावलेला असतो, तो बघतो. तुझ्यासारख्या जाड भिंगाच्या डोळ्यात तो कागद आधीच ताणलेला. त्याला कुठंतरी भोक पडलंय आणि आता तो भिंतीपासून सुटत चाललाय. मधला भाग अजून चिकटलेला आहे, म्हणून तुला नाल दिसला. तो आज रात्री सुटला तर मी नाल नाकासमोर धरला तरी तुला दिसणार नाही.

"बारा वाजायची वाट बघायची नाही, तेत्सुओ. पण शिगेकीचं काय करायचं ते आधी तू ठरव."

५

तेत्सुओ उंबरठ्यावर उभा राहिला. आत शिगेकी आपला टोप आणि वाडगा पिशवीत भरत होता.

"बोल्ट माझ्या घरी आहे," तेत्सुओ म्हणाला. "फांदी मीच आणली. माझा उजवा डोळा गेलाय, निम्मा."

गोठ्यात आजारपणाचा उच्चार झाला होता. सगळ्यांनी योसाकुकडे पाहिलं. म्हातारा उठला, त्यानं चुलीवरचा रस्सा बाजूला केला आणि चुलीवर पाणी ओतलं. ती हाका रद्द झाल्याची खूण.

"कुठला डोळा?" त्यानं विचारलं. "नीट सांग. मोठ्यानं."

 तोमेबाईंनी मोरिओका शहरातल्या मोठ्या रुग्णालयात फोन केला, जाड भिंगं, एकच चांगला डोळा, खालून पडदा, मधलं अजून दिसतंय, असं नेमकं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, लगेच आणा, वाटेत काही खायला देऊ नका. शिगेकीनं आपली गाडी काढली, कारण तिचे टायर बर्फात सगळ्यांत चांगले. योसाकुनं तेत्सुओची बंदूक त्याच्या घरी नेऊन त्याच्या बायकोच्या देखत कपाटात ठेववली, कुलूप लावल्याचा आवाज ऐकला, मगच तो घरी गेला.

शिगेकी दीड तास रस्त्याकडे बघत गाडी हाकत राहिला. मोरिओकाच्या इमारती दिसायला लागल्या तेव्हा म्हणाला, "चोर ठरवलंस ते एक वेळ चालेल. पण माझ्या बॅटरीला बदनाम केलंस."

"चुकलो."

"गावभर सांगत फिर आता, बॅटरी चांगली आहे म्हणून."

शस्त्रक्रिया त्याच संध्याकाळी झाली. बंदुकीच्या लाथेनंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या. असा डोळा नुसता बसल्या जागीही फाटू शकतो. पण अशा डोळ्यामागं चाळीस वेळा घोड्याची लाथ बसवणं शहाणपणाचं नव्हे, आणि यापुढं तर नाहीच. डोळ्यात हवेसारख्या वायूचा फुगा सोडला होता, तो कागद भिंतीला दाबून धरणार होता. त्यासाठी तेत्सुओला आठवडाभर पालथं झोपायचं होतं. भेटायला गेलेल्या शिगेकीनं जमिनीवर उताणं पडून खालून त्याच्याशी गप्पा मारल्या आणि परिचारिकांनी त्याला दोनदा उठवलं. पुढच्या रविवारी मांसाची वाटणी झाली तेव्हा पाच ढीग पडले. कुठला ढीग कुणाला जातो ते दिसू नये म्हणून योसाकुनं पाठ फिरवून नावं पुकारली, त्यात पहिलं नाव तेत्सुओचं होतं.

नोव्हेंबरात मोसम उघडला. पहिल्या दिवशी डबा बंदच राहिला. योसाकुनं सांगितलं, आधी अंगणात रांग लावा. तोमेबाई अंगणाच्या पलीकडच्या टोकाला नाल घेऊन उभ्या राहिल्या, आणि एकेक जण ओगराळ्यानं डोळा झाकून पुढं येऊ लागला. कुणाला चिलटं दिसतात का, वीज चमकते का, हेही विचारून झालं. दुखण्याचं नाव न काढायचा नियम आता उरला नव्हता. योसाकुनं पाचही वेळा बरोबर सांगितलं. मिनात्सु म्हणाली, दादा, ओगराळा जरा डोळ्यावर धरा, कपाळावर नाही. पुन्हा पाच वेळा झालं. या खेपेला चार बरोबर आले आणि योसाकु पुटपुटत बाजूला झाला, की नालच वाकडा आहे.

शेवटचा नाका आता शिगेकीचा होता. तेत्सुओनं बंदूक पोलिसांकडे जमा केली होती. तो मिनात्सुबरोबर हाकाऱ्यांत होता, डोक्यावर तशीच नारिंगी टोपी, आणि त्याचा आवाज दरीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. बंदूक नसलेल्याला तपासणीची गरज नव्हती. तरी तो रांगेत शेवटी येऊन उभा राहिला आणि न सांगता डावा डोळा झाकला.

तोमेबाई त्याच्याजवळ आल्या. "माझ्या नाकाकडे बघ," त्या म्हणाल्या, आणि खाली वाकून त्यांनी नाल डाव्या बाजूला, पार गुडघ्याशी धरला. अजून तो हललाही नव्हता.

"दिसला, बाई," तेत्सुओ म्हणाला. "आणि तुमच्या बुटाची नाडी सुटलीय."